कार-टी सेल थेरपी: मुंबईला पाठवण्याआधी आणि पेशंट गावी परतल्यावर आपल्याकडं काय सांभाळायचं?

गोदाकाठ_फिजिशियन (परभणी)
परभणी, हिंगोली, बीड भागातून "आमच्या पेशंटला कार-टी होईल का?" ही विचारणा वाढलीय. कार-टी म्हणजे पेशंटच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांत कॅन्सर ओळखणारा जीन बसवायचा आणि त्या परत द्यायच्या. सेंटर मुंबई-पुण्याचं असतं आणि तिथली माणसं त्यांचं काम चोख करतात. गडबड होते ती आपल्या बाजूला, म्हणजे पाठवण्याआधी आपण कोणती औषधं दिली आणि पेशंट गावी आल्यावर आपण काय चुकवलं, यात. धागा त्यासाठीच आहे. "चमत्कार" हा शब्द कुणी वापरू नये, एवढी विनंती.

आधी पात्रता. भारतात पहिली मान्यता मिळाली ती नेक्सकार१९ ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट यांचं हे काम. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. वय १५ च्या पुढं, बी-सेल लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) किंवा बी-सेल एएलएल (एक रक्ताचा कॅन्सर), आणि तोही उलटलेला किंवा नेहमीच्या उपचाराला दाद न देणारा. त्यानंतर बंगळुरूच्या इम्युनीलचं कार्टेमी आलं, ते मोठ्या माणसांच्या बी-सेल लिम्फोमासाठी. दोन्ही सीडी१९ वर (बी-पेशींवरच्या एका खुणेवर) नेम धरतात. म्हणजे निदान झाल्या झाल्या पहिल्या ओळीत हा उपचार बसत नाही. आर-चॉप (लिम्फोमाची नेहमीची केमो) किंवा एएलएलची नेहमीची केमो आधी, हे नातेवाइकांना पहिल्याच भेटीत सांगावं. नाहीतर लोक चालू केमो अर्धवट सोडून मुंबई गाठतात.

फ्लो_लातूर
पॅथॉलॉजीच्या बाजूनं. आजार उलटल्यावर बायोप्सी पुन्हा करा. दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर सीडी१९ पॉझिटिव्ह आहे म्हणून आजही असेलच असं नाही. ब्लिनाटुमोमॅब (एएलएलचं एक औषध) मिळालेलं असेल तर खास बघा, कारण तेही सीडी१९ लाच धरतं. त्याच्या दाबाखाली सीडी१९ नसलेल्या पेशी तगून पुढं येतात.

एएलएलमध्ये बोन मॅरोचं फ्लो सायटोमेट्री पॅनल (पेशींवरच्या खुणा मोजणारी तपासणी) पाठवताना "सीडी१९ ची तीव्रता कळवावी" असं मागणीपत्रावर लिहा. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पुरत नाही. लिम्फोमाच्या गाठीत सुई घालून पाणी काढण्यावर भागवू नका. शक्य तिथं पूर्ण गाठ किंवा कोअर बायोप्सी घ्या आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) पेशंटच्या हातात द्या. सेंटर ब्लॉक मागतंच. तो आणायला लातूर-मुंबई एक खेप वाया जाते.

मांजराकाठ
काकांना मल्टिपल मायलोमा आहे. त्यांना हेच इंजेक्शन चालेल का?

फ्लो_लातूर
नाही दादा. मायलोमाच्या प्लाझ्मा पेशींवर सीडी१९ बहुतेक वेळा नसतं. त्यांच्यासाठी बीसीएमए हे वेगळं लक्ष्य धरणाऱ्या कार-टी असतात. अमेरिकेत त्यातली पहिली २०२१ मध्ये मंजूर झाली. भारतात काय मिळतं ते मायलोमा बघणाऱ्या हिमॅटॉलॉजिस्टलाच विचारा. या धाग्यातलं औषध काकांसाठी नाही.

एएमएलबद्दलही (रक्ताचा आणखी एक कॅन्सर) लोक विचारतात, तेही इथंच लिहितो. एएमएलच्या पेशींवर जे सीडी३३ सारखे मार्कर असतात तेच मॅरोच्या निरोगी मूळपेशींवरही असतात. ते मारले तर मॅरोच रिकामा. बी-पेशी मेल्या तर माणूस इम्युनोग्लोब्युलिनवर (बाहेरून दिलेल्या अँटिबॉडीवर) जगू शकतो, म्हणून सीडी१९ वर हे जमलं.

अफेरेसिस_टेक
पेशी काढण्याची पायरी. नातेवाइकांना वाटतं रक्ताची एक पिशवी काढतील. तसं नसतं. मशीन रक्त फिरवतं, त्यातल्या पांढऱ्या पेशींचा एक थर वेगळा करतं आणि बाकी रक्त परत देतं. ३ ते ५ तास लागतात. पेशंटच्या शरीरात जेवढं रक्त आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट मशीनमधून जातं. हाताच्या शिरा केमोनं बसलेल्या असतात, म्हणून मानेत किंवा जांघेत जाड कॅथेटर टाकावा लागतो.

रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट चालू असतं आणि ते कॅल्शियम बांधून घेतं. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या की पेशंटनं लगेच सांगायचं. आपल्याकडचे म्हातारे "होऊ दे, सहन करतो" म्हणून गप बसतात आणि मग हातापायाला पेटके येतात. वेग कमी करून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं की थांबतं.

खरी मेख आधीची आहे. रक्तात सीडी३ पेशी (म्हणजे टी-पेशी) मायक्रोलीटरला साधारण १५० ते २०० तरी हव्यात. त्या कमी असतील तर हाती पुरेसा माल लागत नाही. लागला तरी पेशी थकलेल्या असतात आणि प्रयोगशाळेत वाढत नाहीत. बियाणंच पोचट असेल तर पुढं खत-पाणी देऊन काय उपयोग?

बालाघाट_ऑन्को
याच मुद्द्यावर जिल्ह्यातल्या डॉक्टरांना दोन गोष्टी ठासून सांगायच्यात.

एक, बेंडामुस्टिन. हे औषध टी-पेशींना फार दिवस दाबून ठेवतं. पेशंट कार-टीचा उमेदवार असण्याची जराशी जरी शक्यता असली तरी पेशी काढून होईपर्यंत बेंडामुस्टिन टाळा. आधीच दिलं असेल तर शेवटचा डोस कोणत्या तारखेला दिला ते रेफरल चिठ्ठीवर लिहा. सहा महिन्यांच्या आत असेल तर सेंटर त्याचा वेगळा विचार करतं.

दोन, स्टेरॉइड. गाठ मोठी आहे, पेशंटला त्रास आहे, म्हणून डेक्सा चालू करून पाठवतात. पेशी काढण्याआधी किमान ३ ते ७ दिवस ते बंद हवं.

गोदाकाठ_फिजिशियन (परभणी)
दुसरा मुद्दा कागदावर बरोबर आहे, पण छातीत मोठी गाठ आहे, रात्री आडवं होता येत नाही, अशा पेशंटला स्टेरॉइडशिवाय परभणीहून मुंबईपर्यंत कसं न्यायचं? गाडीतच श्वास कोंडला तर?

बालाघाट_ऑन्को
श्वास कोंडत असेल तर द्याच, जीव आधी. माझं म्हणणं सवयीनं दिलेल्या डेक्साबद्दल आहे. दिलं तर डोस आणि तारीख लिहा, आणि सेंटरला फोन करून सांगा, म्हणजे अफेरेसिसची (पेशी काढण्याची) तारीख तशी लावता येते. पेशी काढून झाल्या की मग आजार आटोक्यात ठेवायला रेडिएशन, स्टेरॉइड, केमो, जे योग्य ते देता येतं. त्याला ब्रिजिंग म्हणतात. त्यावेळी टी-पेशी सुरक्षित फ्रीजरमध्ये असतात.

गोदाकाठ_फिजिशियन (परभणी)
हे पटलं. मग रेफरल लवकर करणं हाच उपाय. दुसरी ओळ फसल्यावर तिसरी, चौथी देत बसायचं आणि पेशंट खंगल्यावर पाठवायचं, यात अर्थ नाही.

क्यूसी_पेशीशाळा
मधल्या काळात प्रयोगशाळेत काय चालतं ते थोडक्यात, कारण "एवढे दिवस का लागतात?" हा प्रश्न दरवेळी येतो.

टी-पेशी वेगळ्या करून त्यांना सीडी३ आणि सीडी२८ मार्फत चेतवतात. मग लेंटिव्हायरसच्या वाहकातून कारचा जीन आत सोडतात. हा विषाणू स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. जीन बसला की टी-पेशीच्या बाहेर अँटिबॉडीचा तुकडा उगवतो, तो सीडी१९ ओळखतो. आतल्या बाजूला ४-१बीबी आणि सीडी३-झीटा हे चेतवणारे भाग असतात. नेक्सकार१९ मधला बाहेरचा तुकडा मानवी धाटणीचा केलेला आहे. जुन्या कार-टीमध्ये तो उंदराचा असे. पुढं आठ-दहा दिवस पेशी वाढवतात.

मग तपासण्या. जिवंत पेशी ७० टक्क्यांहून जास्त, एका पेशीत जीनच्या सरासरी प्रती ५ च्या आत, मायकोप्लाझ्मा नाही, एंडोटॉक्सिन मर्यादेत, आणि जंतुवाढ नाही. जुन्या पद्धतीची जंतुवाढ तपासणी एकटीच १४ दिवस घेते. सगळ्यात जास्त वेळ तिथं जातो. घाई करून ही पायरी गाळता येत नाही, कारण हा माल ज्याच्या शिरेत जाणार त्याची प्रतिकारशक्ती आपणच केमोनं खाली आणलेली असते. कधीकधी बॅच फसतेही: पेशी वाढत नाहीत किंवा कारवाल्या पेशींचं प्रमाण कमी पडतं. मग पुन्हा काढायच्या की असलेल्याच द्यायच्या, हे डॉक्टर ठरवतात.

एक बारीकसारीक वाटणारी पण महागात पडणारी गोष्ट: नाव. पेशींची पिशवी त्या एकाच माणसाची असते. अफेरेसिसपासून पलंगापर्यंत प्रत्येक टप्प्यावर दोन माणसं नाव, रुग्णालय क्रमांक आणि पिशवीचा क्रमांक जुळवतात. आधारवर एक स्पेलिंग, सात-बाऱ्यावर दुसरं, जुन्या केसपेपरवर वडिलांचं नाव गाळलेलं, असं आपल्याकडं सर्रास असतं. पत्त्यात कुठं औरंगाबाद, कुठं छत्रपती संभाजीनगर, त्यानं फार अडत नाही. पण नाव आणि जन्मतारीख पहिल्या नोंदणीलाच आधारप्रमाणं एकसारखी करून घ्या. जुळलं नाही तर पिशवी वितळवत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

हिमॅट_रजिस्ट्रार
वॉर्डातलं मी सांगतो.

पेशी द्यायच्या आधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड देतात. लिम्फोमात बरेचदा चौरस मीटरला फ्लुडाराबिन ३० मिग्रॅ आणि सायक्लो ५०० मिग्रॅ, सलग ३ दिवस. डोस औषधागणिक बदलतो. किडनी कमजोर असेल तर फ्लुडाराबिन कमी करावंच लागतं, नाहीतर मेंदूवर परिणाम होतो आणि पुढं कार-टीचा त्रास कोणता, याचा कोणता, ते ओळखू येत नाही. ही केमो गाठ मारायला नसते. जुन्या लिम्फोसाइट हटवून नव्या पेशींना जागा आणि वाढीचे घटक मिळावेत म्हणून असते.

पेशींचा दिवस म्हणजे शून्य दिवस. पिशवी द्रव नायट्रोजनच्या वाफेतून काढून ३७ अंशाच्या पाण्यात वितळवतात आणि लगेच, साधारण अर्ध्या तासात, शिरेतून देतात. आधी पॅरासिटामॉल आणि ॲव्हिल. हायड्रोकॉर्टिसोन (हेही स्टेरॉइड) द्यायचं नाही, रक्त देताना हातची सवय असते म्हणून सांगतो. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावायचा नाही. लावला तर सगळा माल फिल्टरमध्येच. गोठवण्याच्या द्रवातल्या डीएमएसओमुळं खोलीत लसणासारखा वास येतो, नातेवाइकांनी घाबरू नये.

नंतर दोन मोठे धोके. पहिला सीआरएस. पेशी वाढताना सायटोकाइन (दाह वाढवणारे रेणू) उसळतात. नुसता ताप म्हणजे पहिली श्रेणी. बीपी घसरलं पण सलाईनवर सावरलं, किंवा थोडा ऑक्सिजन लागला, तर दुसरी. बीपीसाठी औषधाचा पंप लागला की तिसरी. यावरचं औषध टोसिलिझुमॅब: किलोला ८ मिग्रॅ, एका वेळी जास्तीत जास्त ८०० मिग्रॅ, आणि पेशी देण्याआधीच त्याचे डोस हाताशी हवेत. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात कार-टी मिळालेली पहिली मुलगी याच औषधानं वाचली, तेव्हापासून ते पहिलं हत्यार झालं.

दुसरा आयकॅन्स, म्हणजे मेंदूवरचा परिणाम. टोसिलिझुमॅब मेंदूत नीट पोचत नाही, म्हणून तिथं डेक्सामेथासोन. रोज १० गुणांची छोटी परीक्षा घेतात: वर्ष, महिना, शहर, रुग्णालय असे ४. तीन वस्तूंची नावं ३. एक साधी आज्ञा पाळणं १, एक वाक्य लिहिणं १, आणि १०० पासून दहा-दहानं उलटं मोजणं १.

तेरणा_ढोकी
वाक्य लिहिणं? आमच्याकडच्या किती बायांना लिहिताच येत नाही. त्यांचा गुण पहिल्याच दिवशी जाणार की!

हिमॅट_रजिस्ट्रार
अगदी रास्त. म्हणून पेशी देण्याआधीच पेशंटचा मूळ गुण नोंदवतात आणि पुढची तुलना त्याच्याशी होते. लिहिता येत नसेल तर सही, नाहीतर रोज एकच आकृती काढायला लावा आणि फाईलमध्ये तारखेनं लावा. अक्षर बिघडणं हे बरेचदा पहिलं लक्षण असतं. कालपर्यंत "मी जिंतूरहून आले" हे सरळ ओळीत लिहिणारी बाई आज शब्द एकमेकांवर चढवते, बोलताना मात्र ठीक वाटते. आणि परीक्षा मराठीतच घ्यायला सांगा. नर्सनं इंग्रजीत किंवा घाईच्या हिंदीत विचारलं की खेड्यातला माणूस गप्प बसतो आणि फुकट गुण गमावतो. सोबतच्या माणसानं हे नोंदणीवेळीच सांगून ठेवावं. त्यानं आधीच उत्तर पुरवायचं नाही, हेही आलंच.

नांदेड_रक्तपेढी
आता परत आल्यानंतरचं. माझ्या मते इथंच सगळ्यात जास्त चुकतं.

फ्लुडाराबिन मिळालेल्या पेशंटला रक्त आणि प्लेटलेट इरॅडिएट केलेलेच (किरण मारून लिम्फोसाइट निकामी केलेले) द्यायचे. नाहीतर दात्याच्या लिम्फोसाइट पेशंटच्या शरीरावर उलटू शकतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जिवावरच बेततं. आपल्या जिल्ह्यात इरॅडिएटर आहे का हे पेशंट गावी येण्याआधी विचारून ठेवा. नसेल तर कुठून मागवायचं ते ठरवा. एफएफपीला (गोठवलेल्या प्लाझ्माला) याची गरज नाही.

घरचे म्हणतात, "बाहेरचं रक्त नको, भावाचं ताजं द्या." या पेशंटसाठी नेमकं तेच सगळ्यात धोक्याचं. सख्ख्याच्या पेशी जुळत्या असल्यानं शरीर त्यांना परकं ओळखत नाही. भावानं रक्तदान जरूर करावं, पण ते दुसऱ्या कुणाला जाऊ द्यावं.

प्लेटलेट, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एकदा वर येऊन महिन्याभरानं पुन्हा खाली जाऊ शकतात. एकदा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तपासणी थांबवू नका.

औषधी_जालना
तापाबद्दल. घरी आल्यावर ३८ अंशाच्या वर ताप गेला की सेंटरला फोन, आणि तोवर जवळच्या मोठ्या दवाखान्यात. गल्लीतल्या दवाखान्यातलं डेक्सा आणि डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घ्यायचं नाही. डेक्सा सेंटरच्या सल्ल्याशिवाय नको, आणि प्लेटलेट कमी असताना डायक्लोफिनॅकनं रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालेल. पहिल्या काही आठवड्यांत ताप सीआरएसचाही असू शकतो. दोन-तीन महिन्यांनी आलेला ताप बहुधा जंतूंचा. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर ब्लड कल्चर घेऊन तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. "उद्या ओपीडीत दाखवू" चालणार नाही.

ॲसायक्लोव्हिर आणि को-ट्रायमॉक्साझोल (संसर्ग टाळायच्या गोळ्या) महिनोन्‌महिने चालतात. गोळ्या संपल्या की बंद, असं होतं. चिठ्ठीवर "सेंटर सांगेपर्यंत" असं ठळक लिहून घ्या.

गोदाकाठ_फिजिशियन (परभणी)
यात आणखी एक भर. या पेशंटच्या बी-पेशी संपलेल्या असतात, म्हणून नव्या अँटिबॉडी तयार होत नाहीत. आपण तापात सवयीनं विडाल (टायफॉइडची तपासणी) आणि डेंग्यू आयजीएम पाठवतो. दोन्ही अँटिबॉडीवर चालतात. निगेटिव्ह आले तरी त्यांना अर्थ नाही. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (थेट विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी), टायफॉइडसाठी कल्चर. उलट, इम्युनोग्लोब्युलिन नुकतं दिलं असेल तर दात्यांच्या अँटिबॉडीमुळं कावीळ-बी च्या अँटी-एचबीसीसारख्या तपासण्या खोट्या पॉझिटिव्ह येतात. म्हणून एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही उपचाराआधीच करून ठेवा. जुना संसर्ग असेल तर एन्टेकाव्हिर चालू ठेवावं लागतं.

लेंटिव्हायरस (एचआयव्हीच्याच कुळातला) वापरलेला असल्यानं एचआयव्हीची पीसीआर पद्धतीची तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. खेड्यात असा रिपोर्ट फुटला तर काय होतं ते सांगायला नको. कार-टी झाल्याचं कार्ड पेशंटच्या खिशात कायम असू द्या. त्यानं रक्तदान करायचं नाही.

आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) दर महिन्याला बघा. डेसिलीटरला ४०० मिग्रॅच्या खाली असेल आणि संसर्ग वारंवार होत असतील तर इम्युनोग्लोब्युलिन किलोला ०.४ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४ ग्रॅम. हा खर्च उपचाराच्या अंदाजपत्रकात कुणी धरत नाही.

समाजसेवा_डेस्क
खर्चाचा विषय निघालाच आहे तर. अमेरिकेत पहिल्या दोन औषधांच्या किमती ४ लाख ७५ हजार आणि ३ लाख ७३ हजार डॉलर होत्या. इथं ३० ते ४० लाखांच्या घरातला आकडा बातम्यांत आला. तो औषधाचा. त्यावर ब्रिजिंग, आयसीयू, टोसिलिझुमॅब, मुंबईत राहणं आणि वरचं इम्युनोग्लोब्युलिन. लेखी अंदाजपत्रक मागताना "सीआरएस तिसऱ्या श्रेणीचा झाला तर किती?" हे वेगळं विचारा. महात्मा फुले योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे, त्यात सगळं बसणार नाही. पण आधीची केमो आणि तपासण्या त्यातून करता आल्या तर हातचा पैसा वाचतो. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, ट्रस्ट, सगळीकडं एकाच वेळी अर्ज करा. सगळ्यांना तेच अंदाजपत्रक लागतं, मूळ प्रती चार-पाच घेऊन ठेवा. जमीन विकण्याआधी पात्रतेचा शेवटचा निर्णय लेखी हातात हवा. हा क्रम उलटा झालेला बघवत नाही.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीला १०० टक्के सवलत आहे, सोबतच्या एकाला त्याच वर्गांत ७५ टक्के. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. देवगिरी, नंदीग्राम, लातूर-मुंबई, कुठलीही असो, परतीच्या प्रवासात थर्ड एसीच घ्या, जनरलच्या गर्दीत नेऊ नका.

मांजराकाठ
आणि गुण येण्याची शक्यता किती? तेवढं स्पष्ट सांगा की.

हिमॅट_रजिस्ट्रार
नेक्सकार१९ च्या प्रकाशित अभ्यासात ६४ जण होते. परिणाम मोजता आलेल्या ५१ पैकी ७३ टक्क्यांमध्ये आजार कमी झाला किंवा दिसेनासा झाला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही त्यात आहेत. "कमी झाला" म्हणजे कायमचा गेला असं नाही. लिम्फोमातल्या एका जुन्या अमेरिकी औषधाचा पाठपुरावा बघा: सुरुवातीला ८३ टक्के प्रतिसाद, पाच वर्षांनी हयात सुमारे ४३ टक्के. उलटतो तो दोन कारणांनी: पेशी शरीरात टिकत नाहीत, किंवा कॅन्सर सीडी१९ टाकून देतो. एएलएलमध्ये काहींना नंतर बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवतात, त्यामुळं भावंडांची एचएलए (मॅरो जुळतो का बघणारी) तपासणी आधीच करून ठेवलेली बरी.

तेरणा_ढोकी
घरात लहान लेकरू आहे, त्याला पोलिओचे थेंब द्यायचेत. पेशंट घरी असताना चालतील का?

गोदाकाठ_फिजिशियन (परभणी)
लेकराचं लसीकरण थांबवू नका, पण थेंबांतला विषाणू जिवंत असतो आणि काही आठवडे शौचातून बाहेर पडतो. पोलिओची इंजेक्शनवाली लस मिळाली तर उत्तम. थेंबच द्यावे लागले तर तेवढे आठवडे लेकराची दुपटी पेशंटनं धुवायची नाहीत, हात साबणानं धुवायचे, आणि जमलं तर पेशंटची झोपायची खोली वेगळी. पेशंटला स्वतःला मात्र गोवर, कांजिण्या अशी कुठलीच जिवंत लस सेंटरनं लेखी सांगेपर्यंत नाही. फ्लूचं इंजेक्शन जिवंत नसतं, ते कधी घ्यायचं ते सेंटरला विचारा. घरातल्या बाकीच्यांनी तेवढं पावसाळ्याआधीच टोचून घ्या.